उगाल्द्यांच्या परसातले सुरुंग

आरासेलीबाईंचा बूट एलिसेओ उगाल्देच्या परसात गेला, तेव्हा शनिवार होता आणि दुपारचे तीन वाजले होते. गेला म्हणजे कुणी चोरला नाही, जमिनीने घेतला. बाई मुलाकडच्या, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई. लग्न दोन आठवड्यांवर आलेलं आणि ते मुलीच्या घरामागच्या परसात करायचं ठरलेलं, म्हणून जागा बघायला आल्या होत्या. कोपऱ्यातल्या लिंबापाशी उभं राहून त्या म्हणाल्या, "जागा तशी छान आहे हो." त्यातल्या 'हो'ला त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. चौघांनी धरून ओढलं. पाय आला, बूट आला नाही. जांभळा होता, टाचेचा.

एलिसेओने वाकून भोकात पाहिलं. आत गार काळोख होता, आणि जुन्या पेटीतून यावी तशी हवा वर येत होती.

"बाबांच्या वेळचा शोषखड्डा," त्याची बायको निदिया म्हणाली. "एक भरला की झाकण टाकून दुसरा खणायचे. वरून नदीतले गोटे आणि माती. गटार आल्यापासून कुणी बघितलंच नाही."

"असे किती आहेत?" आरासेलीबाईंनी एका पायावर उभं राहून विचारलं.

"तीन."

"कुठे?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. आरासेलीबाईंनी निदियाची चप्पल एका पायात चढवली आणि जाहीर केलं, "माझ्या दिरांचा हॉल आहे. खाली सिमेंट आहे. सिमेंटात माणूस जात नाही. बाकी तुम्ही बघा."

मारिएलाचा चेहरा पडला. ही उगाल्द्यांची एकुलती एक. चालायला ती याच परसात शिकली होती. लग्नानंतर चौथ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर कॅनडाला जायची होती, आणि जायच्या आधी बापाबरोबरचा नाच इथेच, या मातीवर व्हायला हवा, एवढंच तिचं मागणं होतं. एलिसेओला नाचता येत नव्हतं. पण गेले सहा महिने हा नाच तो रोज दुपारी जेवणानंतर डोळे मिटून नाचत होता, आणि त्यात तो कमालीचा चांगला नाचत असे.

"येत्या नाही, पुढच्या गुरुवारी संध्याकाळी या," तो विहीणबाईंना म्हणाला. "तिन्ही खड्डे शोधून दाखवतो. नाहीतर तुमचा हॉल."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने असं ताड्‌कन काही म्हटल्याची नोंद नव्हती. आणि नोंदी ठेवणं हाच त्याचा धंदा होता. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात तो तीस वर्षं कागद लावत आला होता.

पण एलिसेओच्या बोलण्यामागे एक गुप्त आधार होता. अकरा वर्षांपूर्वी दप्तरखान्यात एक संगणक आला. त्यात जुन्या नोंदी भरायच्या होत्या. कशा भरायच्या हे शिकवायला जो माणूस येणार होता तो काही आला नाही, पण संगणकात एक खेळ आधीच बसून होता: सुरुंग शोधायचा. एलिसेओ आणि तो खेळ एकमेकांना असे भेटले, आणि नोंदी कागदावरच सुखाने राहिल्या.

खेळ दिसायला अगदी गरीब. करड्या चौकोनांची एक जाळी, काही चौकोनांखाली सुरुंग. एक चौकोन उघडायचा. पहिल्या टिचकीला यंत्र दया करतं, तिथे सुरुंग निघत नाही. मग चौकोनात आकडा दिसतो: निळा एक, हिरवा दोन, लाल तीन. आकड्याचा अर्थ एवढाच की माझ्या आजूबाजूच्या आठ घरांत इतके सुरुंग आहेत. कुठल्या घरात ते तो सांगत नाही. ते आपण ओळखायचं. एकाला लागून एकच बंद घर उरलं असेल तर सुरुंग तिथेच. तिथे झेंडा लावायचा आणि बाकीची घरं निर्धास्त उघडायची. कधीकधी आकडाच नसलेलं घर निघतं, आणि मग आपोआप मोकळं मैदान पसरत जातं, पसरत जातं. त्या क्षणी एलिसेओलाही मोकळं वाटे. डोंगरावरून धुकं उतरून खिडकीशी यायचं, पलीकडे कुणीतरी शिक्के मारत असायचं, आणि तो करड्या शेतांतून एकटाच हिंडत असायचा. त्याला चर्चमधल्या फरशा, बायकांचे चौकडीचे झगे, कॉफीचे मळे, सगळ्यांच्या कडेला आकडे दिसू लागले होते. झोपेत तो "कोपऱ्यात दोन" असं पुटपुटे, आणि निदिया त्याच्या अंगावर पांघरूण घाली.

आता देवाने त्याच्या परसातच जाळी मांडली होती.

रविवारी सकाळी त्याने चुना कालवला. फुटबॉलच्या मैदानावर आखतात तशा रेघा मारून सगळ्या परसाचे पावलाएवढे नव्हे, चांगले मीटर-मीटरचे चौकोन पाडले. बूट गेलेल्या जागी लाल झेंडा लावला. मधल्या भागातून निदिया कॉफीचा कप घेऊन येत होती, तर तो ओरडला, "अहो, चुना पुसेल! बाजूने या!" निदिया बाजूने आली. कुत्रा मधून आला, तेव्हा त्यालाही "तुम्ही आत व्हा बघू" असं सांगावं लागलं. त्या गावात सगळ्यांनाच अहो-जाहो. त्यातून बायको सुटत नाही, लेक सुटत नाही, आणि कुत्राही सुटत नाही.

"आणि आकडे कुठून आणणार?" निदियाने विचारलं. तिला त्याने आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरच्या चौकडीच्या मेणकापडावर, पालथ्या कपांखाली वाल लपवून, सगळा खेळ शिकवला होता. वाल तिनेच लपवले होते, त्यामुळे ती एकदाही हरली नाही.

"शेजाऱ्यांकडून," तो म्हणाला. "ज्यांनी हे परस पूर्वी पाहिलंय ते म्हणजे उघडलेली घरं. प्रत्येकाला काही ना काही माहीत असणार."

ही त्याची पहिली चूक. शेजाऱ्यांना माहीत असतं यात वाद नाही. त्यांना फार माहीत असतं.

सगळ्यात आधी सेनेइदाबाई भिंतीवरून प्रकटल्या. "अहो एलिसेओभाऊ, सोपं आहे! माझी आई नेहमी सांगायची. उंबर होता ना, त्याच्यापासून शाळेच्या बाजूला दहा पावलं."

उंबर चाळीस वर्षांपूर्वीच्या वादळात पडला होता. पण त्या गावात रस्त्यांना नावं नाहीत आणि घरांना नंबर नाहीत. सगळे पत्ते अजून त्या उंबरापासूनच निघतात. पोस्टमन 'उंबरापासून दोनशे मीटर पश्चिमेला, हिरवं फाटक' असं वाचून बरोबर पोचतो. पोस्टमनचा जन्म उंबर पडल्यावरचा. तेव्हा 'उंबर कुठे होता?' हा प्रश्न गावात कुणी कुणाला विचारलेला नव्हता. एलिसेओने तो विचारला.

"म्हणजे काय! हा इथे," सेनेइदाबाईंनी भिंतीच्या या बाजूला बोट दाखवलं.

"काहीतरीच," पलीकडच्या घरातले आब्देनागो आजोबा म्हणाले. वय चौऱ्याऐंशी, खुर्ची घेऊनच आले होते. "उंबर तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात होता. मी त्याच्यावरून पडलोय. हा गुडघा साक्षीला आहे."

"गुडघा आमच्या भिंतीवरून पडून मोडलाय तुमचा! माझ्या मावशीला बघायला चढला होतात!"

"मावशी उंबरावर बसली होती!"

बघता बघता बातमी पसरली. लोक येऊ लागले, निदियाची कॉफी पिऊ लागले, आणि प्रत्येक जण आपापला उंबर बरोबर घेऊन येऊ लागला. कुणाचा उंबर नळाशी, कुणाचा फाटकाशी, एकाचा तर रस्त्याच्या पलीकडे. प्रत्येक उंबरापासून तीन तीन खड्डे निघाले. एलिसेओ सभ्य माणूस. कुणाचं मन मोडवेना, म्हणून तो प्रत्येकाच्या नावाने झेंडा लावी. लग्नासाठी आणलेले नारिंगी रुमाल काड्यांना बांधून त्याने झेंडे केले होते. बुधवारी संध्याकाळी मोजदाद केली तर परसात एकेचाळीस झेंडे होते. सगळ्यांवर विश्वास ठेवला तर वऱ्हाडाला उभं राहायला नऊ चौकोन उरत होते.

मांजराच्या केसांसारखा भुरभुर पाऊस येत होता. ओले रुमाल काड्यांवर फडफडत होते. "किती सुंदर दिसतंय," मारिएला दारातून म्हणाली, आणि खरंच दिसत होतं. पण म्हणून विहीणबाई मानणार नव्हत्या.

"पालिकेत नकाशा असेल ना?" निदिया म्हणाली.

असेल काय, होताच. आणि तो दप्तरखान्यात होता. एलिसेओने सोमवारीच त्यासाठी अर्ज केला होता. पण आपल्याच कचेरीत अर्ज करणं म्हणजे काय असतं हे त्याला त्या दिवशी कळलं. खिडकीवर फ्लोरबाई बसतात. त्यांची पाठ आणि एलिसेओचं टेबल यांत सहा पावलांचं अंतर.

"टोकन घ्या," फ्लोरबाई म्हणाल्या.

"फ्लोरबाई, मी एलिसेओ. तुमच्या मागे बसतो."

"आत्ता पुढे उभे आहात ना? मग टोकन घ्या."

टोकन सत्तावीस नंबरचं निघालं. सत्तावीस येईपर्यंत जेवणाची सुट्टी संपली, तेव्हा तो आत जाऊन आपल्या टेबलावर बसला. बसल्यावर सत्तावीसचा पुकारा झाला. तो बाहेर पळाला. अर्ज दोन होते: एक जुना नकाशा मिळावा म्हणून, दुसरा परसात खणण्याची परवानगी मिळावी म्हणून. फ्लोरबाईंनी दोन्ही घेतले, शिक्के मारले, आणि मागे वळून पहिला अर्ज त्याच्याच रिकाम्या टेबलावर ठेवला. चार दिवस तो तिथे पडून होता. कारण नियम असा की ज्याचा अर्ज त्याने तो हाताळायचा नाही, आणि तिथला दुसरा लिपिक रजेवर. एलिसेओ रोज समोर बसून स्वतःच्या अर्जाकडे बघत असे. तीस वर्षांत आपण लोकांना हे असं बघायला लावत आलो, या विचाराने त्याला घास गोड लागेना.

शुक्रवारी फ्लोरबाईंनाच दया आली. "असं करू. फाईल मी शोधणार. पण मला शिडी चढवत नाही. एखादा भला नागरिक चढला तर नियमात बसतं."

एलिसेओ भला नागरिक म्हणून शिडी चढला. फ्लोरबाई खाली उभं राहून, "वरून तिसरी, त्याच्या डावीकडची," असं शोधत राहिल्या. फाईल निघाली. आत एकच पिवळा कागद होता, आणि कागदावर लिहिलं होतं: 'पहिला खड्डा, लाकडी झाकण: जुन्या उंबरापासून चर्चच्या दिशेला अठरा पावलं. दुसरा, सिमेंटचं झाकण: पहिल्यापासून डोंगराकडे सात पावलं. तिसरा: थोडं पुढे.'

"थोडं पुढे?" फ्लोरबाई किंचाळल्या. "कोण हा गाढव?"

खाली सही होती. ए. उगाल्दे, कनिष्ठ लिपिक.

एलिसेओ शिडीवरच बसला. त्याला सगळं आठवलं. नवीनच नोकरी लागली होती. एका म्हाताऱ्याच्या परसात खड्ड्यांची नोंद करायला त्याला पाठवलं होतं. म्हातारा पावलं टाकत आकडे सांगत होता, तो लिहून घेत होता. पहिला खड्डा झाला, दुसरा झाला. तेवढ्यात घरातून म्हाताऱ्याची मुलगी गुळाच्या गरम पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. केस नुकतेच धुतलेले होते. तिसरा आकडा म्हाताऱ्याने नक्की सांगितला असणार, तो मोठा काटेकोर माणूस. पण एलिसेओ उगाल्देने त्या वेळी जगातलं दुसरं काहीही ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी त्याने तिच्याशी लग्न केलं आणि त्याच घरात राहायला गेला. सरकारी कामात जन्मात एकदाच हलगर्जीपणा केला होता, आणि तो बरोबर त्याच्याच मुलीच्या लग्नात आडवा आला.

त्याच दिवशी खणायची परवानगीही हातात पडली. खड्डे: दोन. जास्त खणायचं असल्यास नवा अर्ज, मुदत आठ दिवस, सुट्ट्या न धरता.

लाकडी झाकणाचा पहिला खड्डा विहीणबाईंनीच उघडला होता, त्यामुळे आता उंबराची गरजच उरली नाही. लाल सोडून चाळीस झेंडे उपटले गेले. सेनेइदाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. शनिवारी एलिसेओने लाल झेंड्यापासून डोंगराकडे मोजून सात पावलं टाकली, आणि दोन गड्यांनी दुपारपर्यंत खणलं. गोटे निघाले, त्याखाली माती, त्याखाली एक दात तुटलेला कंगवा.

"पावलं कुणाची टाकलीत?" आब्देनागो आजोबांनी खुर्चीतून विचारलं.

"माझी."

"मोजली कुणी होती? तुमच्या सासऱ्यांनी. ते उभे राहिले तर माझ्या खांद्याला लागायचे. त्यांची सात म्हणजे तुमची पाच!"

"हे आधी सांगायचंत ना, आजोबा!"

"तुम्ही विचारलंत कुठे? उंबराचंच विचारत बसलात."

सोमवारी पाच पावलांवर खणलं. हातभर खाली पहार ठणकन वाजली. सिमेंटचं झाकण! मारिएला बापाच्या गळ्यात पडली, आजोबांनी हॅट उडवली, आणि एलिसेओने आयुष्यात प्रथमच खऱ्याखुऱ्या मातीत झेंडा लावला. त्या संध्याकाळी निदियाने बाहेरच टेबल मांडलं. केळीच्या पानात उकडलेले डिसेंबरचे मक्याचे तमाल, कॉफी, वर धुक्यातून अर्धा चंद्र. तो हातवारे करून सांगत होता, ती ऐकत होती. असे ते दोघे बाहेर किती वर्षांनी बसले होते, त्याला आठवेना.

राहिला तिसरा. मंगळवारी एलिसेओ त्याच्या मागे लागला. परवानगीचे दोन्ही खड्डे संपले होते. आता हातात निव्वळ डोकं. आजोबांचा एक जुना बसायचा दगड परसात अजून होता. "या दगडावर बसलं की दोन बाजूंनी वास यायचा," आजोबा म्हणाले, "म्हणून तर मी बसायचं सोडलं."

दोन! हा खरा आकडा. दगडाभोवती आठ घरं. एकात सिमेंटवाला दुसरा खड्डा. म्हणजे उरला एक. चार घरं गटाराच्या पाईपसाठी पूर्वी उकरली होती, तिथे काही नव्हतं. एकावर कपडे धुवायचा दगडी हौद, सासऱ्यांच्याही आधीचा. राहिली दोन घरं, शेजारी शेजारी, परसाच्या बरोबर मधोमध. तिसरा खड्डा या दोहोंपैकी एकात.

कुठल्या, ते कुणालाही सांगता येईना. आणि इथेच घोडं अडलं. कारण पावसासाठी तंबू ठरवला होता, परस अरुंद, आणि तंबूचा मधला खांब या दोन घरांपैकी एकातच रोवावा लागत होता. तंबूवाल्याने तीनदा दोरी लावून दाखवलं. खांब चुकीच्या घरात गेला तर अख्खा तंबू ऐंशी माणसांवर बसणार. त्यात मध्ये नाचणारी मारिएला.

खेळातसुद्धा असं होतं. सगळे आकडे वाचून, सगळी अक्कल लढवून शेवटी कोपऱ्यात दोन घरं उरतात, आणि त्यांच्यापुढे बुद्धी चालत नाही. टिचकी मारायची, आणि काय व्हायचं ते होऊ द्यायचं. तिथे फार तर जाळीच्या वर काढलेला पिवळा हसरा चेहरा डोळे मिटतो आणि डाव पुन्हा मांडता येतो. बुधवारी रजा टाकून एलिसेओ दिवसभर त्या दोन घरांसमोर खुर्ची टाकून बसला. त्याने जेवणही तिथेच मागवलं. डोळा लागला तेव्हा स्वप्नात तो मारिएलाबरोबर नाचत होता, पायाखाली करडे चौकोन एकेक करून विरघळत होते, आणि तिचा हात हातात होता पण तिचं वजन लागत नव्हतं.

गुरुवार उजाडला. त्या दिवशीचीही त्याने रजा काढली होती. साडेचारच्या बसने आरासेलीबाई यायच्या होत्या. चार वाजता एलिसेओने ठरवलं. नाणं उडवून मुलीला उभं करायचं नाही. आधी बापाने उभं राहायचं. त्याने ऑफिसचे बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले, मनगटावरचं घड्याळ काढून आजोबांच्या दगडावर ठेवलं. डावीकडच्या घरावर त्याने उजवा पाय उचलला. पाय खाली जाईना. तो बगळ्यासारखा तसाच राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि भीती पडण्याची नव्हती. पाय आत गेला तर विहीणबाई जिंकतील, आणि लेक सिमेंटावर नाचून निघून जाईल, याची होती.

तेवढ्यात निदिया स्वयंपाकघरातून हात पुसत आली. सरळ आली. चुन्याच्या रेघा तुडवत त्याच्या शेजारून गेली आणि डावीकडच्या घरात, बरोबर मध्यभागी, जाऊन उभी राहिली.

"निदिया!" तो किंचाळला. "हलू नका! तुम्ही सुरुंगावर आहात!"

"कुठे?" तिने टाचा उंचावून दूर कुठेतरी बघत विचारलं.

"पायाखाली! ते शेवटचं घर आहे!"

"हे? इथे मी रोज उभी असते." ती अजून दूरच बघत होती. "सेनेइदाबाईंचं छप्पर आणि आजोबांचं छप्पर, यांच्या मधून इथूनच वळणावरची बस दिसते. दोन पावलं इकडे नाही की तिकडे नाही. बस दिसली की पाणी चढवायचं, म्हणजे माणूस दारात येईपर्यंत कॉफी होते. आज विहीणबाई येणार ना."

एलिसेओने पाय खाली ठेवला. एकोणतीस वर्षं तो दारात पाऊल टाकायचा आणि कॉफी गाळण्यातून कपात पडत असायची. ती आपोआप होते असं त्याला वाटत आलं होतं.

"रोज?"

"शनिवार-रविवार सोडून. आणि दरवर्षी थोडी जडच होऊन," ती हसली. "पोकळ असतं तर मारिएलाच्या वेळी आठव्या महिन्यातच आत गेले असते. शिवाय भोपळ्याच्या वेलाला खांब रोवायला मी इथे कमरेइतकं खणलंय. माती आहे हो, नुसती माती."

"अहो, मग अकरा दिवस गप्प का राहिलात? सगळ्या गावाला विचारून झालं!"

"गावाला विचारलंत," निदिया म्हणाली. "पहिल्या दिवशी मी इथूनच येत होते, तर म्हणालात, बाजूने या. मला काय ठाऊक तुमची शेवटची दोन घरं कुठली? काल कळलं." मग त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "काल सांगणार होते. पण तुम्ही इथे बसला होतात. अकरा दिवस रोज बाहेर बसलात, माझ्याशी बोललात. म्हटलं, आणखी एक दिवस."

एलिसेओ अनवाणीच चालत गेला आणि तिच्या शेजारी त्याच घरात उभा राहिला. एका मीटरमध्ये दोघं जेमतेम मावली. दोन छपरांच्या फटीतून हिरवा डोंगर दिसत होता, आणि त्यावरून पांढरा धूर सोडत एक पिवळी बस वळण घेत होती.

"आल्या," निदिया म्हणाली, आणि पाणी चढवायला आत गेली.

उजवीकडच्या घरात एलिसेओने शेवटचा झेंडा लावला. आरासेलीबाई परसाच्या दारातच थांबल्या. या वेळी त्यांनी सपाट, कॅनव्हासचे बूट घातले होते. "काय मग? खात्री कोण देतं?"

एलिसेओने अकरा दिवसांत एक भाषण तयार केलं होतं. त्यात आकडे होते, दगड होता, आठ घरं होती. "माझी बायको देते," तो म्हणाला. "तिथे खांब रोवा."

शनिवारी खांब रोवला. तंबू ताठ उभा राहिला. तिन्ही झेंड्यांच्या जागी फुलांच्या कुंड्या आल्या, आणि ऐंशी माणसं त्यांना वळसे घालत नाचली. आजोबांनी सेनेइदाबाईंना नाचायला उठवलं आणि दोघं उंबर कुठे होता यावर भांडत भांडत तालात फिरली. मारिएलाने बापाचा हात धरला. एलिसेओ खरोखरच वाईट नाचला, तिच्या पायावर दोनदा पाय दिला. स्वप्नात नव्हतं ते वजन या वेळी हाताला लागत होतं. "बाबा, खाली बघू नका," ती म्हणाली. त्याने खाली बघितलं नाही. तो रडत होता आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

बुधवारी विमानतळावरून परत आल्यावर घर फारच मोठं वाटलं. गुरुवारी तो कामावर गेला. संगणक चालू केला, जाळी समोर आली. थोडा वेळ बघून त्याने खेळ बंद केला आणि जुन्या नोंदींची पहिली फाईल उघडली. परतीच्या साडेचारच्या बसमध्ये त्या वळणावर तो नेहमी पेंगत असे. आज तो मुद्दाम उजव्या बाजूच्या खिडकीशी बसला, आणि जागा राहिला.

वळण आलं. खाली घरांची छपरं, दोन छपरांच्या मध्ये बोटभर फट, आणि फटीत हिरव्या परसाचा तुकडा. तंबूचा खांब निघाला होता. त्या जागी एक अगदी लहान बाई डोळ्यांवर हात धरून उभी होती.

एलिसेओने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. एवढ्या लांबून तिला तो दिसणं शक्य नव्हतं. ती वळली आणि पाणी चढवायला आत गेली.